सर रिचर्ड टेंपल आणि कर्जबाजारी साम्राज्य

राज्यकर्त्यांचे मूल्यमापन त्यांच्या वैयक्तिक गुणदोषांवरून करण्याची आपली जुनी रीत आहे. अमुक गव्हर्नर दयाळू होता, तमुक कमिशनर कडक होता, एवढ्यावर पुष्कळदा इतिहासाची पाने संपतात. परंतु ज्या खजिन्यातून राज्यकारभार चालतो, त्या खजिन्यावर कोणाचे किती देणे आहे, हे पाहिल्यावाचून दयेचा किंवा कडकपणाचा अर्थ लागत नाही. सर रिचर्ड टेंपल यांचे चरित्र या दृष्टीने अत्यंत उद्बोधक आहे. १८५७ च्या उठावाने हिंदुस्थानच्या माथी बसलेले कर्ज फेडण्याच्या उद्योगात त्यांची उमेदवारी झाली. त्याच उद्योगातून निर्माण झालेल्या मध्य प्रांताचे, म्हणजेच नागपूर, भंडारा, चांदा या आपल्या मुलखाचे, ते चीफ कमिशनर झाले. पुढे ते देशाचे अर्थमंत्री झाले, दोन महादुष्काळांत सरकारचे प्रतिनिधी झाले आणि अखेरीस मुंबईचे गव्हर्नर झाले. साम्राज्याच्या कर्जाचा आणि प्रजेवरील पकडीचा संबंध इतक्या ठिकाणी, इतक्या जवळून पाहिलेला दुसरा अधिकारी क्वचितच सापडेल.

युद्धखर्चाचे ओझे वसाहतीवर लादण्याची प्रथा टेंपल यांच्या जन्मापूर्वीचीच होती. १७५६ ते १७६३ या सप्तवार्षिक युद्धात इंग्लंड विजयी झाले, पण त्याचे राष्ट्रीय कर्ज सुमारे साडेसात कोटी पौंडांवरून १३ कोटींच्या घरात गेले. हे ओझे हलके करण्यासाठी अमेरिकेतील वसाहतींवर १७६५ साली मुद्रांककर बसविण्यात आला आणि जकातीची अंमलबजावणी कडक करण्यात आली. त्याचा शेवट १७७६ च्या स्वातंत्र्यघोषणेत झाला. अमेरिका हातची गेली, परंतु प्रथा गेली नाही. अमेरिकेतील वसाहतवाल्यांना आपापल्या विधिमंडळांतून प्रतिकार करता आला. हिंदुस्थानातील रयतेला तेही साधन नव्हते.

उठावाचे बिल

रिचर्ड टेंपल यांचा जन्म इंग्लंडमधील वूस्टरशायर परगण्यात ८ मार्च १८२६ रोजी एका जमीनदार घराण्यात झाला. रग्बी येथील शाळेत आणि कंपनीच्या हेलिबरी कॉलेजात शिक्षण घेऊन ते विशीच्या उंबरठ्यावर बंगालच्या मुलकी नोकरीत दाखल झाले. पंजाबात जॉन लॉरेन्स यांच्या हाताखाली त्यांची घडण झाली. दिवसभर घोड्यावरून मुलूख पाहावा आणि रात्री त्याचा सविस्तर अहवाल लिहावा, हा लॉरेन्स यांच्या तालमीतील अधिकाऱ्यांचा शिरस्ता त्यांनी जन्मभर पाळला. त्यांची लेखणी इतकी वेगवान होती की, त्यांचे अहवाल हाच पुढे त्यांच्या बढतीचा पाया ठरला.

याच सुमारास साम्राज्याच्या जमाखर्चाला मोठा हादरा बसला. कंपनीच्या कारकीर्दीत हिंदुस्थानच्या नावावर युद्धाचे कर्ज सतत साचतच होते. पहिले अफगाण युद्ध, दोन शीख युद्धे, दुसरे ब्रह्मी युद्ध यांचा खर्च याच देशाच्या वहीत मांडला गेला होता. त्यात १८५७ च्या उठावाने सुमारे ४ कोटी पौंडांची भर घातली. उठावापूर्वी ६ कोटींच्या आसपास असलेले कर्ज १८६० पर्यंत १० कोटींच्या जवळ पोहोचले. ही भर देशाच्या एका वर्षाच्या एकूण महसुलाइतकी होती. उठाव मोडण्यासाठी आलेल्या गोऱ्या पलटणींचा खर्चही हिंदुस्थाननेच सोसला. म्हणजे, ज्यांच्याविरुद्ध युद्ध झाले त्यांनीच त्या युद्धाचे बिल भरावे असा हा न्याय होता.

१८५८ च्या कायद्याने कंपनीचे राज्य संपले आणि राणीचे सुरू झाले, एवढेच आपण शाळेत शिकतो. त्याच कायद्याने कंपनीची सारी कर्जे हिंदुस्थानच्या महसुलावर टाकली, ही गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. कंपनीच्या ६० लाख पौंडांच्या भांडवलावरील साडेदहा टक्के लाभांश, म्हणजे दरसाल ६ लाख ३० हजार पौंड, हा देश १८७४ पर्यंत भरत राहिला. आणि त्या वर्षी दामदुप्पट रक्कम देऊन ते भांडवल फेडण्यात आले. देश जिंकणाऱ्या कंपनीची किंमत अशा रीतीने जिंकलेल्या देशानेच चुकती केली.

हे सर्व निस्तरण्यासाठी लंडनहून जेम्स विल्सन यांना पाठविण्यात आले. टोप्यांच्या धंद्यातून वर आलेले आणि ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाचे संस्थापक असलेले विल्सन १८५९ च्या अखेरीस कलकत्त्यास पोहोचले. त्यांना या देशाची माहिती असलेला साहाय्यक हवा होता. ती जागा टेंपल यांना मिळाली. १८ फेब्रुवारी १८६० रोजी विल्सन यांनी मांडलेले अंदाजपत्रक हे हिंदुस्थानचे आधुनिक पद्धतीचे पहिले अंदाजपत्रक होय. प्राप्तिकर त्यातूनच आला. वार्षिक २०० रुपयांपासून ५०० रुपयांपर्यंतच्या प्राप्तीवर २ टक्के आणि त्यावरील प्राप्तीवर ४ टक्के, असा तो होता आणि शेतीचे उत्पन्नही त्यातून सुटले नव्हते. सरकारी कागदी चलनाची योजनाही विल्सन यांचीच; तिचा कायदा त्यांच्या पश्चात १८६१ साली झाला. प्राप्तिकराला मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांनी जाहीर विरोध केला, तेव्हा त्यांना परत बोलाविण्यात आले. कर्जाने पिचलेले सरकार आपल्याच गव्हर्नरचा मतभेदही सहन करण्याच्या मनःस्थितीत नव्हते. विल्सन स्वतः ११ ऑगस्ट १८६० रोजी कलकत्त्यात अतिसाराने मरण पावले.

विल्सन यांच्या हाताखाली टेंपल यांना जे शिक्षण मिळाले त्याचे सार असे की, कर्ज फेडावयाचे तर महसूल निश्चित हवा, महसूल निश्चित हवा तर हिशेब एका ठिकाणी हवा, आणि हिशेब एका ठिकाणी आला की सत्ताही एका ठिकाणी येते. प्रत्येक प्रांताने आपला खर्च आगाऊ मांडावा आणि कलकत्त्याची मंजुरी घ्यावी, कलकत्त्याने लंडनकडे पाहावे, अशी उतरंड या काळात पक्की झाली. १८६१ चा पोलीस कायदा, फौजेची पुनर्रचना आणि गोऱ्या सैनिकांचे वाढविलेले प्रमाण हेही त्याच उतरंडीचे भाग होते. गोरी फौज महाग होती. तिच्या इंग्लंडमधील भरतीचा आणि शिक्षणाचा खर्चही हिंदुस्थानच्या खात्यावर पडत होता. पकड घट्ट करण्यासाठी खर्च आणि खर्च भागविण्यासाठी पकड, असे हे चक्र होते.

भंडाऱ्याच्या धुऱ्यापर्यंत

या पार्श्वभूमीवर २ नोव्हेंबर १८६१ रोजी नागपूर राज्य आणि सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्य प्रांत निर्माण करण्यात आला. नागपूरकर भोसल्यांची सत्ता १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतरच खिळखिळी झाली होती. कामठ्याच्या चिमणा पाटलांचे बंडही १८१८ मध्ये मोडण्यात आले होते. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये लॉर्ड डलहौसी यांनी राज्य खालसा केले. भोसल्यांचे हत्ती, घोडे, जडजवाहीर लिलावात निघाले, ही हकीकत नागपूरकडील जुन्या घराण्यांतून पिढ्यानुपिढ्या सांगितली गेली. शेजारच्या वऱ्हाडाची कथा तर निव्वळ कर्जाची आहे. निजामाच्या नावाने आणि निजामाच्या खर्चाने इंग्रजांनी पोसलेल्या फौजेची बाकी थकली म्हणून १८५३ च्या तहाने वऱ्हाड गहाण पडले. १८६० साली ५० लाखांचे कर्ज माफ झाले, तरी मुलूख काही परत गेला नाही. १८६७ मध्ये हैदराबादचे रेसिडेंट म्हणून काही महिने टेंपल यांनी या गहाणखताची राखणही केली.

१८६२ मध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षी टेंपल मध्य प्रांताचे चीफ कमिशनर झाले आणि मधला थोडा काळ सोडता १८६७ पर्यंत त्या जागेवर राहिले. या पाच वर्षांत त्यांनी जे केले ते खरोखर थक्क करणारे आहे. प्रांताचा बहुतेक मुलूख त्यांनी घोड्यावरून पालथा घातला. शिक्षण खाते सुरू झाले, नागपूरचे वस्तुसंग्रहालय १८६३ मध्ये स्थापन झाले, डिसेंबर १८६५ मध्ये नागपुरास मोठे प्रदर्शन भरले, आणि १८६७ मध्ये मुंबईहून येणारी रेल्वे नागपूरला पोहोचली. नागपूरहून भंडारा, साकोलीवरून रायपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याकडे लक्ष पुरविण्यात आले. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात बुडाले, तेव्हा त्यांनी गोंडांविषयी जमविलेले लेखन टेंपल यांनी संपादित करून १८६६ साली प्रसिद्ध केले. या मुलखाविषयी त्यांना आस्था नव्हती असे कोणी म्हणू शकणार नाही.

तथापि या सर्वांच्या मुळाशी जमिनीचा बंदोबस्त होता. त्या काळच्या भंडारा जिल्ह्यात आजचा संपूर्ण गोंदिया जिल्हा समाविष्ट होता, आणि १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा निर्माण होईपर्यंत त्याचा पसारा याहूनही मोठा होता. भोसल्यांच्या राजवटीत गावचा पाटील सारा वसूल करून भरणारा इसम होता, गावाचा मालक नव्हता. दरबारची मर्जी फिरली की पाटीलकी जात असे. टेंपल यांच्या कारकीर्दीत झालेल्या बंदोबस्ताने या पाटलांना आणि मक्तेदारांना मालगुजार म्हणून गावाची मालकी दिली. ज्या थोड्या शेतकऱ्यांचा जुना हक्क सिद्ध झाला ते मलिक मकबुजा ठरले, काहींना कुळाचा कायम हक्क मिळाला, बाकीचे मालगुजाराच्या इच्छेवर राहिले. मालगुजाराच्या प्राप्तीचा तत्त्वतः निम्मा हिस्सा सरकारने घ्यावा आणि बहुतेक जिल्ह्यांत हा बंदोबस्त ३० वर्षे टिकावा, असे ठरले.

आकारणी त्या वेळी फार जड होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नागपूरकडील जिल्ह्यांत ती मध्यम प्रतीचीच होती. पण प्रश्न केवळ आकड्याचा नव्हता. कर्जबाजारी सरकारला ठरलेल्या तारखेस ठरलेली रक्कम हवी होती, आणि ती भरण्यास बांधील असा, गावाचे हित सरकारच्या हिताशी जोडणारा वर्ग हवा होता. १८५७ नंतर असा वर्ग राजकीय दृष्ट्याही मोलाचा होता. मालकी मिळाली म्हणजे जमीन विकण्याचा व गहाण टाकण्याचा अधिकार मिळाला. पाठोपाठ दिवाणी न्यायालये आली, मुद्रांक आले, हुकूमनामे आले. पूर्वी पीक बुडाले की दरबाराशी घासाघीस करता येई. आता पीक बुडाले तरी सारा भरावा लागे, आणि तो भरण्यासाठी सावकाराचे दार गाठावे लागे. गावेच्या गावे या मार्गाने सावकारांकडे गेली. कुळांच्या रक्षणासाठी १८८३ मध्ये आणि पुन्हा १८९८ मध्ये कायदे करावे लागले, यातच मूळ व्यवस्थेतील दोषाची कबुली आहे.

भंडाऱ्याच्या बाबतीत हा बदल पाण्यापर्यंत जाऊन भिडला. हा तलावांचा आणि धानाचा मुलूख. नवेगावबांधसारखे प्रचंड तलाव कोहळी समाजाच्या कसबाची साक्ष देतात. तलाव बांधणाऱ्याला गावाची पाटीलकी किंवा सवलतीची जमीन देण्याची चाल येथे गोंड राजवटीपासून होती. पाळ बांधणे, गाळ काढणे, पाणी वाटणे ही गावाची सामायिक कामे होती. नव्या बंदोबस्तात गावाबरोबर तलावही मालगुजाराच्या मालकीचा झाला. गावकऱ्यांचे निस्ताराचे आणि पाण्याचे हक्क वाजिब-उल-अर्जमध्ये लिहिले गेले हे खरे. पण रूढी कागदावर आली की तिचा अर्थ लावण्याचा अधिकार कचेरीकडे जातो. सामायिक जबाबदारीची जागा मालकाच्या मर्जीने घेतली.

त्याच काळात मिठावरील कर वसूल करण्यासाठी उभारलेली जकातीची सरहद्द सिंधूपासून मध्य प्रांत ओलांडून महानदीपर्यंत गेली होती. काटेरी कुंपण आणि हजारो शिपाई यांच्या जोरावर चालणारी ही नाकेबंदी १८७९ पर्यंत टिकली. प्राप्तिकर पाचशे-हजार कमावणाऱ्याला लागे. मिठाचा कर वैनगंगेच्या काठच्या मजुरालाही चुकला नाही.

एक माणूस, दोन दुष्काळ

१८६८ मध्ये टेंपल व्हाइसरॉयच्या मंडळात अर्थमंत्री झाले. त्यांच्या गुरूने सुरू केलेला प्राप्तिकर १८६५ मध्ये संपला होता. तो १८६९ मध्ये पुन्हा आला. आरंभी १ टक्का असलेला दर त्याच वर्षी तूट उघडकीस येताच दुप्पट झाला आणि १८७० मध्ये ३ टक्क्यांच्या वर गेला. शहरांतील सुशिक्षित आणि व्यापारी वर्ग खवळला. १८७३ मध्ये हा कर रद्द झाला. या आरडाओरडीत करापेक्षा महत्त्वाचा प्रश्न बाजूस पडला. पैसा जात कोठे होता? व्याज, फौज आणि लंडनमधील खर्च हे त्याचे उत्तर होते. १८६७ मध्ये तुर्कस्तानच्या सुलतानासाठी लंडनमध्ये दिलेल्या नृत्यसमारंभाचा खर्चही हिंदुस्थानच्या खात्यावर टाकला गेला. अॅबिसिनियाच्या स्वारीवर गेलेल्या हिंदी पलटणींचा नेहमीचा पगारही याच खात्यातून गेला. दादाभाई नौरोजी संपत्तीच्या अपहाराचा सिद्धांत मांडू लागले ते याच वर्षांत.

टेंपल यांच्या चरित्रातील खरा कसोटीचा भाग यानंतर येतो. १८६६ च्या ओरिसातील दुष्काळात सरकारच्या निष्क्रियतेमुळे लाखो माणसे मेली होती. ती नामुष्की टाळण्यासाठी १८७४ च्या बिहारमधील दुष्काळात लॉर्ड नॉर्थब्रूक यांनी टेंपल यांच्यावर मदतकार्य सोपविले. ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लाख टन तांदूळ आणण्यात आला, गावोगावी वाटपाची व्यवस्था झाली, आणि भूकबळींची संख्या अत्यल्प राहिली. एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्थानच्या इतिहासात असे यश दुसरे नाही. पण त्याबद्दल गौरव होण्याऐवजी टेंपल यांच्यावर उधळेपणाचा ठपका आला. माणसे वाचली म्हणजे दुष्काळ मोठा नव्हताच, मग इतका खर्च कशासाठी, असा टीकाकारांचा युक्तिवाद होता.

टेंपल यांनी हा धडा नको तितका मनावर घेतला. १८७६ मध्ये दख्खन, कर्नाटक आणि मद्रास इलाख्यात त्याहून भीषण दुष्काळ पडला. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस राणीच्या सम्राज्ञीपदाचा दरबार थाटात पार पडला, आणि त्याच महिन्यात लॉर्ड लिटन यांनी काटकसरीची ताकीद देऊन टेंपल यांना दुष्काळी भागात धाडले. दुष्काळी कामावरील पुरुष मजुराला दिवसभराच्या श्रमाबद्दल १ पौंड, म्हणजे सुमारे अर्धा शेर, धान्य आणि वर १ आणा, एवढी मजुरी त्यांनी ठरविली. स्त्रिया आणि मुले यांना त्याहूनही कमी. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी तुरुंगातील कैद्यांच्या शिध्याशी तुलना करून या मजुरीचा निषेध केला. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने, तालुक्यातालुक्यांतील माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. मद्रासेस ही मजुरी काही महिन्यांतच वाढवावी लागली. तोवर असंख्य जीव गेले होते. त्या दुष्काळातील ब्रिटिश मुलखातील बळींची संख्या ५० लाखांहून अधिक मानली जाते.

तीन वर्षांच्या अंतराने एकाच माणसाने केलेली ही दोन कामे शेजारीशेजारी ठेवून पाहिली पाहिजेत. बिहारमध्ये टेंपल दयाळू होते आणि दख्खनमध्ये क्रूर झाले, असे म्हणणे सोपे आहे. पण त्यांची बुद्धी, श्रमशक्ती आणि अनुभव दोन्ही ठिकाणी तेच होते. बदलला होता तो वरून आलेला हुकूम. तो हुकूम पाळण्यात त्यांनी दाखविलेल्या तत्परतेची जबाबदारी त्यांचीच आहे आणि इतिहासाने ती त्यांच्यावर ठेवली आहे. परंतु केवळ त्यांच्यावर ठेवून भागणार नाही. ज्या अंदाजपत्रकात व्याज आणि फौजेचा खर्च आधी वजा होतो आणि उरलेल्यातून दुष्काळाला पैसा मिळतो, त्या अंदाजपत्रकात अर्ध्या शेराचा हिशेब कोणीतरी करणारच.

पुन्हा युद्ध, पुन्हा कर

या कामगिरीनंतर टेंपल १८७७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले. पुढील दुष्काळांसाठी दरसाल दीड कोटी रुपये बाजूस काढण्याची घोषणा सरकारने केली आणि त्यासाठी १८७८ मध्ये व्यापारधंद्यांवर परवाना कर बसविला. त्याविरुद्ध सुरतेस दंगल झाली. पण त्याच वर्षाच्या अखेरीस दुसरे अफगाण युद्ध सुरू झाले आणि दुष्काळासाठी घेतलेला पैसा त्यात वाहून गेला. १८७९ मध्ये लिटन यांनी आपल्या मंडळातील बहुमत डावलून मँचेस्टरच्या जाड्याभरड्या कापडावरील जकातही उठविली. करवसुली दुष्काळाच्या नावाने आणि खर्च सरहद्दीवर, असा हा व्यवहार होता.

टेंपल या युद्धव्यवहारात उत्साहाने सामील झाले. १८७८ मध्ये हिंदी पलटणी मुंबईहून माल्टास रवाना करण्याची तजवीज त्यांनी केली. अफगाण युद्धासाठी सिंधमधील रुकपासून सिबीपर्यंतचा १३३ मैलांचा लोहमार्ग १०१ दिवसांत टाकला गेला, तो त्यांच्याच देखरेखीखाली. दख्खनच्या भुकेल्या शेतकऱ्यापर्यंत धान्य नेताना पै-पैचा हिशेब करणारे सरकार कंदाहारच्या वाटेवर रूळ टाकताना किती गतिमान होऊ शकते, हे त्यातून दिसले. याच काळात वासुदेव बळवंत फडके यांनी पुणे-सातारा भागात बंडाचे निशाण उभारले आणि आपल्या जाहीरनाम्यात गव्हर्नर टेंपल यांच्या डोक्यासाठी इनाम लावले. १८७९ मध्ये फडके पकडले गेले आणि एडनच्या तुरुंगात १८८३ मध्ये त्यांचा अंत झाला. देशी वृत्तपत्रांवरील निर्बंधांचा आणि हत्यारबंदीचा कायदा, दोन्ही १८७८ चेच.

१८८० मध्ये टेंपल पार्लमेंटची निवडणूक लढविण्यासाठी स्वदेशी परतले. पहिल्या प्रयत्नात पराभव झाला. १८८५ ते १८९५ या काळात ते हुजूरपक्षाचे सभासद होते. हिंदुस्थानवर त्यांनी अनेक ग्रंथ लिहिले. १५ मार्च १९०२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या अखेरच्या वर्षांत, त्यांनी उभारलेल्या मध्य प्रांतावर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ कोसळले. धानाच्या भंडारा जिल्ह्यालाही त्यांची झळ लागली. १८९१ च्या खानेसुमारीत या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ७ लाख ४३ हजार होती. १९०१ मध्ये ती ६ लाख ६३ हजारांवर आली. म्हणजे दर नऊ-दहा माणसांमागे एक माणूस कमी झाला. १८८२ मध्ये नागपूरहून भंडाऱ्याच्या मुलखातून राजनांदगावपर्यंत रेल्वे गेली होती, रस्ते होते, कचेऱ्या होत्या, दुष्काळाची नियमावलीही होती. नव्हती ती गावाच्या हाती उरलेली शिल्लक, आणि खर्चाचा अग्रक्रम ठरविण्याचा अधिकार.

मालगुजारी स्वातंत्र्यानंतर, ३१ मार्च १९५१ रोजी, संपुष्टात आली. तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी तलाव’ या नावाने ते आजही ओळखले जातात. मालक गेला, पण ज्या सामायिक जबाबदारीवर पाळ आणि पाट टिकून होते ती आपोआप परत आली नाही. गाळाने भरलेले तलाव आणि पाण्यावरून होणारे तंटे हे या साखळीचे शेवटचे दुवे आहेत. लंडनच्या कर्जरोख्यापासून भंडाऱ्याच्या बांधीपर्यंत ही साखळी कशी पोहोचते, हे टेंपल यांच्या चरित्राइतके स्पष्टपणे दुसरीकडे दिसत नाही.

यातून निघणारा निष्कर्ष इंग्रजी राजवटीपुरता मर्यादित नाही. कर्ज काढणारा एक, ते खर्चणारा दुसरा आणि फेडणारा तिसरा अशी स्थिती जेथे असेल, तेथे सज्जन आणि कर्तबगार अधिकारीसुद्धा प्रजेच्या ताटातील घास मोजू लागतो. आज अंदाजपत्रक आपल्याच प्रतिनिधींपुढे मांडले जाते, हा बदल फार मोठा आहे आणि तो फार मोठी किंमत देऊन मिळाला आहे. परंतु अंदाजपत्रकाच्या दिवशी कोणती वस्तू महागली आणि कोणती स्वस्त झाली, एवढेच पाहून वर्तमानपत्र बाजूला ठेवण्याची सवय आपण सोडली नाही, तर त्या अधिकाराचा उपयोग नाही. व्याजापोटी किती गेले, संरक्षणावर किती गेले, आणि पाणी, शाळा, दवाखाना यांच्यासाठी काय उरले, हे प्रत्येक शिक्षकाने वर्गात आणि प्रत्येक विद्यार्थ्याने वहीत मांडून पाहिले पाहिजे. टेंपल यांच्या काळातील रयतेला ही वही पाहण्याचा अधिकार नव्हता. आपल्याला तो आहे.